भाद्रपदातला माज आणि मार्गशीर्षातले चावे: मोकाट कुत्र्यांच्या आदेशाला कॅलेंडर कोण दाखवणार?

१ डिसेंबरला, सोमवारी सकाळी, एक आजी सात वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. तक्रार तापाची होती. घसा बघताना त्याच्या उजव्या मनगटावर तीन वाळलेले ओरखडे दिसले. विचारलं तर आजी म्हणाल्या, "काई नाई डॉक्टर साहेब, पिल्लूच तं होतं. शाळेच्या टाकीखाली कुत्री व्याली, पोट्टे खेळतात त्याइच्यासंगं. खरबडलं थोडंसं." कधी? चार दिवसांपूर्वी. रक्त आलं होतं? थोडं आलं होतं, हळद लावली. पिल्लू कुठे आहे? यावर मुलानंच उत्तर दिलं. पिल्लू परवा मेलं, सरांनी पुरून टाकलं.

ताप साधा सर्दीचा होता. पण त्या तीन ओरखड्यांमुळे माझा सकाळचा पुढचा अर्धा तास गेला. ते सगळं खाली येईलच. आधी हे सांगतो की हा मुलगा मला अनपेक्षित नव्हता. सावनेरला प्रॅक्टिस सुरू केल्यापासून दर वर्षी दिवाळीनंतर, थंडी पडू लागली की, कुत्रा चावल्याचे आणि पिल्लानं ओरबाडल्याचे रुग्ण माझ्याकडे वाढतात. पहिली काही वर्षं मला हा योगायोग वाटायचा. पण याचं कारण कुत्र्यांच्या शरीरात आहे, आणि ते समजलं की गेल्या पाच महिन्यांत मोकाट कुत्र्यांवरून देशात जे काही चाललं आहे, त्याकडेही वेगळ्या नजरेनं बघता येतं. मी माणसांचा डॉक्टर आहे, जनावरांचा नाही. पण चावे माझ्याच टेबलावर येतात, म्हणून हा अभ्यास करावा लागला.

भाद्रपद हा शब्द उगीच आलेला नाही

आपल्याकडे भाद्रपद आणि कुत्री यांचं नातं सगळ्यांना माहीत आहे. गावातली म्हातारी माणसं त्यावरून एकमेकांना टोमणेही मारतात. मुलांसमोर मात्र विषय निघाला की सगळे गप्प. एका कुत्रीमागे सात-आठ कुत्रे फिरत असतात, भांडणं होतात, रात्रभर भुंकणं चालतं, आणि आपण मुलांना खिडकीतून आत ओढतो. त्यामुळे चाळिशीतल्या, शिकल्यासवरल्या लोकांनाही यामागचं शरीरशास्त्र ठाऊक नसतं.

नर कुत्रा वर्षभर प्रजननाला तयार असतो, त्याला ऋतू नसतो. ऋतू असतो तो मादीला. घरात पाळलेली कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी एकदा, म्हणजे बहुतेक वेळा वर्षातून दोनदा, कोणत्याही महिन्यात माजावर येऊ शकते. भारतातल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचं गणित थोडं वेगळं आहे. पश्चिम बंगालमध्ये आणि जयपूरमध्ये अशा कुत्र्यांवर वर्षानुवर्षं निरीक्षणं झाली. त्यांत बहुतेक माद्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात माजावर येतात आणि पिल्लं हिवाळ्याच्या तोंडावर होतात, असं दिसलं. आपल्या पूर्वजांनी कोणताही तक्ता न मांडता तेच सांगून ठेवलं होतं.

माजाचे टप्पे समजून घ्या. पहिल्या सुमारे नऊ दिवसांत मादीच्या योनीला सूज येते, रक्तमिश्रित स्राव येतो, आणि त्या वासानं नर गोळा होतात. पण ती त्यांना जवळ येऊ देत नाही, गुरगुरते, बसून घेते. पुढच्या साधारण नऊ दिवसांत स्राव फिकट होतो, ती शेपटी एका बाजूला घेऊन उभी राहते आणि नराला स्वीकारते. कोणाला स्वीकारायचं यातही तिची निवड असते. मागे फिरणाऱ्या सगळ्यांचा नंबर लागत नाही. हे दिवस कुत्रीगणिक बरेच कमीजास्त होतात. गर्भ राहो वा न राहो, त्यानंतरचे दोन महिने तिच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक जास्त असतं. मग चार-पाच महिने सगळं शांत.

इथे एक गैरसमज दूर करतो. बायकांची पाळी आणि कुत्रीचं रक्त जाणं या एकच गोष्टी नव्हेत. स्त्रीमध्ये गर्भ राहिला नाही की गर्भाशयाचं अस्तर गळतं, म्हणजे रक्तस्राव चक्राच्या शेवटी येतो. कुत्रीमध्ये तो बीजांड सुटण्याच्या आधी येतो, म्हणजे ती तयारीची खूण आहे. म्हणून घरी कुत्री पाळणारे लोक "रक्त थांबलं, आता सोडायला हरकत नाही" म्हणून ज्या दिवशी तिला अंगणात मोकळं सोडतात, नेमके तेच दिवस गर्भ राहण्याचे असतात. शिवाय कुत्रीचं बीजांड सुटल्यावर लगेच फळत नाही, ते पक्व व्हायला आणखी दोन-तीन दिवस लागतात. नराचे शुक्राणू मात्र तिच्या शरीरात आठवडाभरही टिकू शकतात. त्यामुळे माजात ती दोन-तीन नरांशी जुळली असेल, तर एकाच वेतातल्या पिल्लांचे बापही वेगवेगळे असू शकतात. एक पिल्लू काळं, एक पांढरं, एक चट्टेरी, याचं कोडं बहुतेक वेळा असं सुटतं.

"अडकलेल्या" कुत्र्यांना दगड मारू नका

समागमाच्या वेळी नर आणि मादी एकमेकांना पाठ करून जोडलेल्या अवस्थेत उभे राहतात. नराच्या लिंगाच्या मुळाशी एक भाग असतो, तो योनीत गेल्यावर रक्त भरून फुगतो, आणि मादीचे स्नायू त्याभोवती आवळले जातात. ही अवस्था साधारण दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत टिकते. ती पूर्णपणे नैसर्गिक आहे. सूज उतरली की ते आपोआप सुटे होतात.

पण आपल्याकडे याच वेळी पोरं दगड मारतात, कोणी गरम पाणी ओततं, कोणी काठी घालून वेगळं करायला जातं. एक तर त्यात दोन्ही जनावरांना आतून जखमा होतात. दुसरं म्हणजे घाबरलेली, दुखावलेली आणि पळू न शकणारी कुत्री समोर येईल त्याला चावते. काठी घेऊन गेलेल्या एका गृहस्थांच्या पोटरीला मी स्वतः मलमपट्टी केली आहे. तुमच्या दारात असं दिसलं तर दार लावून घ्या, अर्धा तास जाऊ द्या. मुलांनी विचारलं तर "ते आपोआप सुटतात, त्यांना त्रास द्यायचा नाही" एवढं सांगितलं तरी पुरतं. लाजून ओरडण्यापेक्षा ते बरं.

या दिवसांतला खरा धोका मादीमागच्या घोळक्यात आहे. नर एकमेकांना कडकडून चावतात. रेबीजचा विषाणू लाळेतून, चाव्यातून पसरतो. घोळक्यातल्या एकाला रेबीज असेल तर त्या भांडणांत तो इतरांना मिळू शकतो, आणि कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, त्यांच्यात लक्षणं दिसतात. भांडणाऱ्या कुत्र्यांच्या मधे दुचाकी घालू नका आणि भांडण सोडवायला हात घालू नका.

तारखा जुळवून बघा

आता बातम्यांकडे वळू. दिल्लीतल्या कुत्रे चावण्याच्या घटनांवरच्या एका वृत्ताची सर्वोच्च न्यायालयानं २८ जुलै २०२५ रोजी स्वतःहून दखल घेतली. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं दिल्ली आणि आसपासच्या भागातली सगळी मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत सोडू नका, असा आदेश दिला. देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं तो बदलला: नसबंदी करा, लस द्या, जंताचं औषध द्या आणि जिथून उचललं तिथेच सोडा. रेबीज झालेली, तसा संशय असलेली किंवा आक्रमक कुत्री मात्र सोडू नका. खायला घालण्यासाठी ठरावीक जागा करायलाही सांगितलं, आणि प्रश्न सगळ्या राज्यांपर्यंत नेला.

२२ ऑगस्टला आपल्याकडे पोळा होता. दोन दिवसांनी, २४ तारखेला, भाद्रपद लागला.

कुत्रीचा गर्भकाळ बीजांड सुटल्यापासून साधारण ६३ दिवसांचा असतो. समागमाच्या दिवसापासून मोजला तर तो ५७ पासून ७२ दिवसांपर्यंत भरू शकतो, कारण वर सांगितल्याप्रमाणे शुक्राणू वाट बघत बसतात. भाद्रपद २१ सप्टेंबरला संपला. दोन्ही टोकांत ६३ दिवस मिळवा. २६ ऑक्टोबर ते २३ नोव्हेंबर असा काळ येतो. म्हणजे लक्ष्मीपूजनानंतर पाच दिवसांपासून पुढचा महिनाभर. कुदरतीचा हिशोब इतका काटेकोर नसतो, काही माद्या अश्विनातही माजावर येतात, पण मुख्य लाट हीच.

आणि ७ नोव्हेंबरला, त्या लाटेच्या अगदी मध्यावर, सर्वोच्च न्यायालयाचा पुढचा आदेश आला. शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली मोकाट कुत्री हलवा, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवा, तिथेच परत सोडू नका, आणि आठ आठवड्यांत कुंपणं घाला. रुग्णालयांनी रेबीजची लस आणि सीरम कायम साठ्यात ठेवावं असंही त्यात आहे. डॉक्टर म्हणून त्या शेवटच्या वाक्याचं मला मनापासून स्वागत करावंसं वाटतं.

आवारं सुरक्षित हवीत, याबद्दल दुमत नाही. माझ्याकडे आलेला मुलगा शाळेच्या आवारातच जखमी झाला होता. पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये या आवारांत कोण असतं, याचा विचार करा. व्यालेली कुत्री. तिला आडोसा लागतो, आणि शाळेच्या टाकीखालची जागा, दवाखान्यामागचं भंगार, बसस्थानकाच्या कँटीनमागची भिंत, कुटाराचा ढीग, बांधकामाची रेती हे तिचे आडोसे. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात की पिल्लं दूध पीत असलेल्या मादीला नसबंदीसाठी उचलू नये आणि सहा महिन्यांखालच्या कुत्र्यांना पकडू नये. नियमामागे साधं कारण आहे, आई उचलली की पिल्लं उपाशी मरतात. म्हणजे ज्या महिन्यांत आवारं मोकळी करायची आहेत, नेमक्या त्याच महिन्यांत त्या आवारांतल्या कित्येक माद्या नियमानं उचलता येत नाहीत. नगरपालिकेचा कर्मचारी यातलं काय पाळणार? कुत्री उचलली तर नियम मोडतो, नाही उचलली तर आदेश. दोष त्या कर्मचाऱ्याचा नाही.

मग मार्गशीर्षात चावे का वाढतात

पिल्लं जन्मतात तेव्हा डोळे मिटलेली असतात, दोन आठवड्यांच्या सुमारास ती उघडतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ती आडोशाबाहेर लुटूलुटू येऊ लागतात. मुलांना ती दिसतात ती तेव्हाच, आणि आईची सगळ्यात जास्त धास्तीही तेव्हाच असते. एरवी शेपूट हलवत बिस्किट खाणारी कुत्री त्या दिवसांत तिच्या पाच-दहा फुटांत आलेल्या माणसावर धावून जाते. तिच्यासोबत कधी आधीच्या वेतातली मुलगी, कधी एखादा नरही राखणीला असतो.

जयपूरमध्ये १९९० च्या दशकापासून कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण चालू आहे. तिथल्या अभ्यासकांनी रुग्णालयातल्या चाव्यांच्या नोंदी आणि कुत्र्यांच्या विण्याचे महिने एकमेकांशेजारी ठेवले, तेव्हा दोन्हींच्या चढउतारात संबंध दिसला. पिल्लांना राखणाऱ्या माद्या हे त्यामागचं एक कारण असावं असं त्यांनी मांडलं. नसबंदी वाढत गेली तसं तिथे चाव्यांचं प्रमाणही उतरलं. मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो, कारण "नसबंदी केल्यानं कुत्रा चावायचा थांबतो का?" या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. नसबंदी केलेलं कुत्रंही घाबरलं, डिवचलं गेलं, तर चावतं. पण माजातली भांडणं आणि पिल्लं राखणाऱ्या आईचे चावे ही दोन मोठी कारणं तरी निघून जातात.

६७ हजारांचं गणित

व्हॉट्सअॅपवर एक आकडा फिरतो: कुत्र्यांच्या एका जोडीपासून सहा वर्षांत ६७ हजार कुत्री होतात. नसबंदीच्या बाजूचे लोकही तो सांगतात आणि "सगळी मारून टाका" म्हणणारेही. तो रस्त्यावर खरा ठरत नाही. एका वेतात साधारण पाच-सहा पिल्लं होतात, हे खरं. पण कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी पाच वर्षांत रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांचा मागोवा घेतला, तेव्हा प्रजननाच्या वयापर्यंत, म्हणजे सात महिन्यांपर्यंत, फक्त १९ टक्के जगली. मेलेल्यांपैकी ६३ टक्के पिल्लांच्या मृत्यूमागे या ना त्या प्रकारे माणूस होता: गाडीखाली येणं, मारणं, उचलून नेणं.

हिशोब करा. पाच पिल्लांतलं जेमतेम एक जगतं. म्हणजे रस्त्यावरची कुत्री वर्षाला एकदा व्यायली तर स्फोट होत नाही, संख्या हळूहळू सरकते. आणि ती किती सरकेल हे पिल्लांच्या जगण्यावर ठरतं, पिल्लांचं जगणं अन्नावर. मटण मार्केटमागचे तुकडे, मंगल कार्यालयाबाहेरचं उष्टं, उघड्या कचराकुंड्या ही त्या अन्नाची गोदामं आहेत. म्हणून एखाद्या वस्तीतली कुत्री नुसती उचलून नेली तर काय होतं? अन्न तिथेच राहतं, खाणारी तोंडं कमी होतात, राहिलेल्या मादीची पिल्लं जास्त जगतात, शेजारची कुत्री सरकून येतात. पाच-सहा वर्षांनी पुन्हा तेच. हे कुत्र्यांवर दया म्हणून म्हणत नाही. पैसा जाऊन फळ मिळत नाही, म्हणून म्हणतो.

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख मोकाट कुत्री होती, महाराष्ट्रात १२ लाख ७६ हजार. एवढ्यांना जन्मभर निवारा, खाणं, डॉक्टर देणारी नगरपालिका मी तरी पाहिलेली नाही. सावनेरसारख्या गावात माणसांच्या पाण्याचेच प्रश्न आधी येतात.

अन्नाचा मुद्दा आपल्या नागपूरनं आधीच कोर्टात पाहिला आहे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सार्वजनिक जागी मोकाट कुत्र्यांना खायला घालण्यास मनाई केली, आणि ज्यांना घालायचं आहे त्यांनी कुत्री दत्तक घ्यावीत, घरी न्यावीत असं म्हटलं. महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयानं दत्तकाच्या त्या भागाला स्थगिती दिली. तेव्हा शहरात दोन तट पडले होते. माझं मत विचाराल तर दोन्हीकडचे भांडत राहिले आणि मंगल कार्यालयामागच्या ढिगाकडे कोणी बघितलं नाही. एक मावशी चार पोळ्या घालते त्यापेक्षा तो ढीग किती मोठा असतो!

नसबंदी कधी करायची, हा खरा प्रश्न

माजावर असलेल्या मादीच्या गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. गाभण मादीत त्याहून जास्त. शस्त्रक्रिया तेव्हाही होते, पण रक्तस्रावाचा धोका वाढतो, वेळ जास्त लागतो. सगळ्यात सोयीचा काळ म्हणजे ते चार-पाच शांत महिने. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी ते साधारण फेब्रुवारीपासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत येतात. तेव्हा पिल्लं दुधावरून सुटलेली असतात, पुढचा माज यायचा असतो. भाद्रपदाच्या आत एखाद्या वस्तीतल्या सत्तर टक्के माद्या झाल्या तर पुढच्या हिवाळ्यात फरक दिसेल. अर्ध्या गावातल्या थोड्या थोड्या केल्या तर खर्च तेवढाच आणि फरक शून्य.

प्रत्यक्षात काय होतं? कुत्री चावतात हिवाळ्यात. ओरड होते हिवाळ्यात. निवेदनं, बातम्या, सभा हिवाळ्यात. निविदा निघेपर्यंत मार्च उजाडतो, मग नवं आर्थिक वर्ष, मग पाऊस. न्यायालयाचा आदेश असो की नगरपालिकेचा ठराव, तो निसर्गाच्या तारखेला न येता ओरडीच्या तारखेला येतो. सावनेरमध्ये कोणी निवेदन देणार असेल तर ते आत्ता द्या, पण त्यात काम फेब्रुवारी ते जून या महिन्यांत करा असं स्पष्ट लिहा. नागपूरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पशुविज्ञान विद्यापीठ आहे. सल्ला मागायला चाळीस किलोमीटरपेक्षा लांब जावं लागत नाही.

आणि एक गोष्ट वेगळी ठेवा. कुत्र्यांची संख्या नसबंदीनं कमी होते, रेबीज मात्र लसीनं थांबतो. गोव्यानं दर वर्षी मोठ्या प्रमाणावर कुत्र्यांना लस टोचली, शाळांत मुलांना शिकवलं, चाव्यांचा पाठपुरावा केला, आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. लस टोचायला शस्त्रक्रियागृह लागत नाही, माज-गर्भ बघावा लागत नाही. ती आजही सुरू करता येते.

घरी कुत्री असेल तर

दोन-तीन प्रश्न मला दवाखान्यात नेहमी विचारले जातात. एकदा व्याल्यावरच ऑपरेशन करावं का? तशी कोणतीही वैद्यकीय गरज नाही. माज थांबवायला माणसांच्या गर्भनिरोधक गोळ्या चालतील का? अजिबात नाही, आणि अशा चिठ्ठ्या मी देत नाही. माज दाबणाऱ्या संप्रेरकांच्या इंजेक्शनांनी गर्भाशयात पू होण्याचा आणि स्तनांच्या गाठींचा धोका वाढतो. तसंही, ऑपरेशन न झालेल्या कुत्रीला माजानंतर महिना-दोन महिन्यांनी गर्भाशयात पू होऊ शकतो. ती फार पाणी पिऊ लागली, खाईना, सुस्त पडली, मागून घाण स्राव आला, तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. विण्याच्या वेळी किंवा गर्भ पडला तर हातमोज्याशिवाय ते हाताळू नका. गरोदर बाईनं तर नकोच.

एक अजब समजूतही सांगून टाकतो. कुत्रं चावलं की माणसाच्या पोटात पिल्लं वाढतात, असं ग्रामीण बंगालमध्ये काही लोक मानतात. त्या भीतीनं आजारी पडलेल्या रुग्णांवर २००३ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी लिहिलं आहे. दोन वर्षांपूर्वी विटभट्टीवरच्या एका मजुरानं मला तेच विचारलं. हसलो नाही. चाव्यातून लाळ येते, बीज येत नाही, आणि कुत्र्याचं बीज माणसात रुजतच नाही, हे त्याला चित्र काढून समजावलं. तो निघाला तेव्हा लसीच्या तारखांचा कागद त्यानं नीट घडी करून खिशात ठेवला.

त्या तीन ओरखड्यांचं काय केलं

पिल्लाला रेबीज होत नाही, हा समज घातक आहे. कोणत्याही वयाच्या कुत्र्याला तो होतो. पिल्लांना लस दिलेली नसते, आणि ती आपल्या हातात, मांडीवर, तोंडाजवळ असतात. रक्त आलेला ओरखडा ही तिसऱ्या श्रेणीची जखम धरतात. म्हणजे लस तर हवीच, शिवाय जखमेत तयार प्रतिपिंडांचं सीरमही हवं. लसीचं संरक्षण तयार व्हायला आठवडाभर लागतो, तोपर्यंत सीरम राखण करतं. ते पहिल्या लसीसोबतच देतात. तेव्हा राहिलं तर सातव्या दिवसापर्यंत देता येतं, नंतर नाही.

कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असं मानून पुढची लस थांबवता येते. पण लस सुरू करून मग वाट बघायची, वाट बघून मग लस नाही. इथे तर पिल्लू दोनच दिवसांनी मेलं होतं. थंडीनं मेलं असेल, पोटातल्या जंतांनी मेलं असेल. कशानं, ते आता कळणार नव्हतं. म्हणून रेबीज धरूनच चालायचं.

चार दिवस झाले तरी मनगट वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुतलं. तुमच्या घरी असं झालं तर हे पहिलं काम, आणि लगेच. हळद, तिखट, चुना, तेल काही नाही. पट्टी आवळून बांधू नका. मग मुलाला सरकारी रुग्णालयात पाठवलं, तिथे त्याच दिवशी सीरम आणि लस मिळाली. आता पोटात चौदा इंजेक्शनं देत नाहीत. सरकारी रुग्णालयात दंडांच्या कातडीत चार वेळा देतात: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत देतात तेव्हा पाच वेळा. गरोदर बाईलाही, तान्ह्या बाळालाही देता येते. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं.

२०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाख १७ हजारांहून अधिक नोंदी झाल्या आणि रेबीजच्या संशयित मृत्यूंची सरकारी नोंद ५४ होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या घरोघरच्या पाहणीवरून काढलेला अंदाज मात्र वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यूंचा आहे. या दोन आकड्यांमधली माणसं बहुधा दवाखान्यात पोचलीच नाहीत, किंवा पोचली तेव्हा "पिल्लूच तं होतं" म्हणून ओरखडा कोणी सांगितला नाही. लक्षणं सुरू झाल्यावर रेबीजवर उपाय नाही.

त्या सकाळी आजींना पाठवल्यावर शाळेत फोन केला. मुख्याध्यापिका बाईंनी वर्गावर्गात जाऊन विचारलं. पिल्लाला हात लावलेली अकरा मुलं निघाली, त्यातल्या तिघांच्या अंगावर ओरखडे होते. एकानं घरी मार बसेल म्हणून शर्टाची बाही दोन दिवस खाली ओढून ठेवली होती. तिघांचीही लस सुरू झाली. कुत्री अजून टाकीखालीच आहे, उरलेल्या तीन पिल्लांसह. बाईंनी तिथे बाकं आडवी लावून मुलांची वाट बंद केली आहे, आणि पिल्लं सुटी झाली की आईला लस आणि नसबंदीसाठी न्यावं असा अर्ज नगरपालिकेत दिला आहे. आजींच्या नातवाचे तीन डोस झाले. चौथा २९ डिसेंबरला आहे.